देवभात : न पेरता उगवणारे, पिकताच झडणारे रानगवत

करमळीच्या तळ्याची ख्याती गोव्याबाहेर पोहोचली ती पक्ष्यांमुळे. हिवाळ्यात तेथे उतरणारी स्थलांतरित बदके पाहण्यासाठी दुर्बिणी घेऊन माणसे येतात. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गवताकडे मात्र क्वचितच कोणी निरखून पाहते. आसपासचे लोक त्याला ‘देवाचे भात’ म्हणतात. ते कोणी पेरलेले नाही, त्याची लावणी होत नाही, त्याला खत मिळत नाही. तरीही दरवर्षी त्याला लोंब्या येतात. वनस्पतिशास्त्रात त्याचे नाव ओरायझा रुफिपोगॉन, म्हणजे शब्दशः ‘तांबूस दाढीचे’. पाणी टिकणाऱ्या तळ्यात ते वर्षानुवर्षे एकाच बुडख्यातून फुटत राहते.

याच गवताचे एक भावंड घाटापलीकडच्या कोरड्या मुलखात राहते आणि ते केवळ एक पावसाळा जगते. ओरायझा निवारा हे त्याचे शास्त्रीय नाव. मराठीत दोघांनाही सरसकट ‘देवभात’ म्हणतात आणि ते स्वाभाविक आहे, कारण दुरून पाहता दोन्ही भातासारखीच दिसतात. परंतु आशियातील भातशेतीचा इतिहास समजून घ्यायचा तर या एकवर्षी भावंडाची निराळी ओळख करून घ्यावी लागते. आपल्या ताटातील तांदळाच्या अगदी निकटच्या नातलगांपैकी ते एक आहे. भातावरील एका मोठ्या रोगाचे उत्तर सापडले तेही याच गवतात.

या वर्षायु जातीला स्वतंत्र नाव मिळाले ते १९६५ साली. एस. डी. शर्मा आणि एस. व्ही. एस. शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव देताना संस्कृत ग्रंथांतील ‘नीवार’ हा शब्द उचलला. लॅटिन नावांच्या गर्दीत आपल्याकडचा एक प्राचीन शब्द असा जाऊन बसला, ही गोष्ट एरवी फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. काही वनस्पतिशास्त्रज्ञ आजही निवाराला वेगळी जात मानत नाहीत. रुफिपोगॉनचेच ते कोरड्या प्रदेशाशी जुळवून घेतलेले रूप आहे, असे त्यांचे म्हणणे. दोहोंचा संकर सहज होतो आणि काही ठिकाणी मधल्या अवस्थेतील झाडेही आढळतात, त्यामुळे हा वाद निव्वळ शब्दांचा नाही. तथापि शेतात किंवा तळ्याकाठी उभे राहून पाहणाऱ्याला दोहोंतील फरक बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो.

ओळखावे कसे?

निवारा हे झुपक्याने वाढणारे गवत आहे. उंची साधारण मीटरभर, फार तर दीड मीटर. फुटवे बुडाशी थोडे पसरतात आणि मग वर वळतात, त्यामुळे संपूर्ण झुपका काहीसा फाकलेला दिसतो. लावणी केलेल्या भाताच्या सरळ चुडाची शिस्त त्याला नसते. पाने भातासारखीच लांब, अरुंद आणि खरखरीत. पान जेथे खोडाच्या आवरणापासून सुटते त्या सांध्यावर एक पातळ पांढुरकी पापुद्र्यासारखी जीभ असते. रानभातात ती दीड ते चार सेंटीमीटरपर्यंत लांब, टोकदार आणि टोकाशी दुभंगलेली आढळते. तिच्या दोन्ही अंगांना केसाळ, वाकडे असे लहान ‘कान’ असतात. शेतातल्या भातालाही जीभ आणि कान असतात. पाखडीला मात्र दोन्ही नसतात. खुरपणी करणाऱ्या अनुभवी हातांना ही खूण पाठ असते. कोवळेपणी पाखड आणि भात यांत गल्लत झाली तर पान मागे ओढून सांधा पाहावा, शंका उरत नाही. देवभात आणि भात यांच्या बाबतीत मात्र ही खूण निरुपयोगी ठरते. लोंबी येईपर्यंत देवभात शेतात भाताच्या वेषात निर्धास्त उभे राहते.

लोंबी आली की वेष उतरतो. निवाराची लोंबी आखूड, आटोपशीर आणि कमी फांद्यांची असते. कित्येकदा ती पानाच्या आवरणातून पुरती बाहेरही पडत नाही. प्रत्येक दाणा सुमारे सहा ते साडेआठ मिलिमीटर लांब असून त्याच्या टोकाला चार ते दहा सेंटीमीटर लांबीचे कडक कुसळ असते. हे कुसळ बहुधा तांबूस असते आणि त्यावर बारीक काटेरी दाते असतात. बोटे टोकाकडून दाण्याकडे फिरवली तर ते टोचते, उलट दिशेने फिरवली तर सहज सरकते. तूस पिकल्यावर काळपट होते आणि आतील तांदूळ लालसर निघतो. फुलाकडे भिंगातून पाहिले तर सहा पुंकेसर दिसतात. गहू, ज्वारी आणि इतर बहुतेक गवतांना तीनच असतात, म्हणजे भातकुळातील ही खास ठेवण आहे. निवाराचे परागकोश लहान असतात, तीन मिलिमीटरपर्यंतच. रुफिपोगॉनमध्ये ते याहून मोठे असतात.

हा शेवटचा फरक क्षुल्लक वाटेल, पण दोन्ही भावंडांचा स्वभाव त्यात दडलेला आहे. बहुवर्षायु रुफिपोगॉन शेजारच्या झाडाचा पराग मिळावा म्हणून वाऱ्यावर भरपूर पराग उधळते. एखाद्या वर्षी दाणे कमी भरले तरी त्याचे बिघडत नाही. पेऱ्यांतून नवे फुटवे येतात आणि झाड टिकते. एकच पावसाळा हाती असलेल्या निवाराला ही चैन परवडणारी नाही. ते बहुतांशी स्वतःच्याच परागावर दाणे भरते, लवकर फुलोऱ्यावर येते आणि आपली जवळजवळ सर्व शक्ती बियांत ओतते. पाणी आटण्यापूर्वी बी तयार व्हायलाच हवे.

कोठे राहते?

निवाराचा अधिवास एका वाक्यात सांगायचा तर पावसाळ्यात भरणारे आणि उन्हाळ्यात कोरडे पडणारे उथळ पाणी. तळ्याचा काठ, रस्त्याकडेचा खड्डा, ओढ्याचा पसरट किनारा, भातशेताच्या बांधालगतची चर अशा जागी ते उगवते. पाण्याची खोली बहुधा फूटभराच्या आत आणि जागा उन्हाची. दाट सावलीत ते टिकत नाही. सुमारे चार मीटर खोल पाण्यातही खोड लांबवून डोके वर काढणारे रुफिपोगॉन आणि फूटभर पाण्यातले निवारा हे एकाच तळ्यातही वेगळे राहू शकतात. मधल्या खोल भागात एक, सुकत जाणाऱ्या काठावर दुसरे.

भारतात गंगेचे मैदान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा आणि दख्खनचे पठार येथे हे गवत आढळते. भारताबाहेर नेपाळच्या तराईत, श्रीलंकेच्या कोरड्या पट्ट्यात, बांगलादेशात आणि पुढे म्यानमार, थायलंड, लाओस, कंबोडियापर्यंत त्याचा विस्तार आहे. या प्रदेशांना जोडणारा धागा मोसमी पावसाचा. चार महिने पाणी आणि त्यानंतर दीर्घ कोरडा काळ, हे चक्र जेथे ठळक आहे तेथे वर्षायु रानभात नांदते. आपल्या किनारपट्टीसारख्या, वर्षाचा बराच काळ ओल धरून ठेवणाऱ्या दलदलींत बहुवर्षायु भावंडाला अधिक सोयीचे पडते.

भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास निवारा फुलोऱ्यावर येते आणि पाणी ओसरू लागते तसे दाणे पिकतात. ते सगळे एकदम पिकत नाहीत. लोंबीच्या टोकाकडचे आधी, बुडाकडचे नंतर. आणि जो दाणा पिकला तो गळाला. वाऱ्याची झुळूक, पक्ष्याचा स्पर्श, काहीही पुरते. खाली पडलेला दाणा चिखलात रुततो आणि दातेरी कुसळ त्याला मागे सरकू देत नाही. जनावरांच्या अंगाला चिकटून काही दाणे दुसऱ्या पाणथळीपर्यंत पोहोचतात. मग हा दाणा झोपी जातो. अवकाळी पावसाची एखादी सर आली म्हणून तो फसत नाही. सुप्तावस्था संपून योग्य ओल मिळेपर्यंत वाट पाहतो, आणि काही दाणे तर एकाहून अधिक वर्षे मातीत पडून राहतात. ज्येष्ठात पाऊस लागला की त्याच जागी पुन्हा हिरवी झाक दिसते.

या सर्व गुणांना शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर एकेक गुण म्हणजे दोष आहे. झडणारा दाणा कापता येत नाही, कुसळ मळणीत त्रास देते, सुप्त बी पेरले तर उगवण एकसारखी होत नाही. माणसाने हजारो वर्षे ज्या लोंब्या झडल्या नाहीत त्यांचेच बी पुढच्या वर्षासाठी ठेवले आणि त्यातून आजचे भात घडले. हा बदल किती बारीक असू शकतो हे २००६ साली उघड झाले. दाणा देठापासून सुटण्याचे नियंत्रण करणारे एक महत्त्वाचे जनुक, ‘एसएच ४’, शास्त्रज्ञांना सापडले. त्यासाठी त्यांनी लागवडीच्या भाताचा संकर याच निवाराशी केला होता. रानातील आणि शेतातील रूपांत जो निर्णायक फरक निघाला तो प्रथिनातील एकाच अमिनो आम्लाचा होता. दाणा देठावर थांबवून ठेवणारे जनुक हे एकमेव नव्हे, इतरही आहेत. तरीही एवढ्याशा फरकाने गवत आणि पीक यांच्यातील दरी केवढी रुंदावली, याचे नवल वाटते. पांढऱ्या तांदळाचीही कथा अशीच आहे. रानभाताचा लाल रंग ज्या जनुकामुळे येतो त्यातील डीएनएचा १४ अक्षरांचा तुकडा गळाला आणि तांदूळ पांढरा झाला.

नांगर न लागलेले अन्न

झडणारा दाणा गोळा करणे अवघड असले तरी माणसाने तो सोडला नाही. नीवार हे आश्रमवासीयांचे अन्न म्हणून संस्कृत साहित्यात वारंवार येते. कालिदासाच्या ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताला आश्रम जवळ आल्याचे जाणवते ते झाडांखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून, ढोलीतल्या पोपटांच्या तोंडून ते पडलेले असतात. वाजपेय यज्ञात नीवाराच्या चरूचे विधान आहे. नांगराचा स्पर्श न झालेले धान्य म्हणून त्याला हे पावित्र्य मिळाले.

तीच भावना आजही जिवंत आहे. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानणारी घरे महाराष्ट्र-कोकणात आहेत, आणि अशा व्रताच्या अन्नात देवभाताला मान असतो. छत्तीसगडमध्ये भाद्रपदातील हलषष्ठीला, तिकडच्या बोलीत कमरछठला, माता अपत्यांसाठी उपवास करतात आणि नांगरलेल्या जमिनीतील काहीही खात नाहीत. त्या दिवशी लागतो तो ‘पसहर’ तांदूळ म्हणजे हेच रानभात. सणाच्या आधी बाजारात तो मापाने विकायला येतो आणि साध्या तांदळाच्या कितीतरी पट भाव घेतो. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये यालाच ‘तिन्नी’ म्हणतात. बंगालीत त्याचे नाव ‘झरा धान’, म्हणजे झरणारे भात. गवताचा मुख्य गुणधर्म एका शब्दात सांगणारे याहून नेमके नाव दुसरे नसेल. दाणे गोळा करण्याची रीतही या गुणधर्मानुसारच ठरली आहे. टोपली लोंब्यांखालून झोकत नेतात, पिकलेले दाणे आपोआप तीत पडतात आणि काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा फेरी होते.

देवळात आणि व्रतात मान असलेले हे गवत शेतात शिरले की शत्रू ठरते. रानभाताचा पराग बांधावरून भातावर पडतो, संकर होतो आणि त्यातून लाल तांदळाचे, कुसळाचे, आधीच झडणारे ‘तणभात’ जन्माला येते. छत्तीसगडमध्ये त्याला ‘करगा’ म्हणतात. भातासारखेच दिसत असल्याने खुरपणीत ते सुटते, भातासारखेच असल्याने तणनाशक त्यालाही वगळते, आणि कापणीच्या आधी त्याचे बी जमिनीत पडलेले असते. मध्य भारतात यावर एक नामी युक्ती काढण्यात आली. जांभळ्या पानांचे भात पेरायचे. मग जे हिरवे दिसेल ते परके, उपटून टाका. युक्ती चालली, पण कायमची नाही. जांभळ्या भाताशी संकर होऊन तयार झालेली जांभळी रानरोपे खुरप्यातून वाचली, त्यांचेच बी पडले आणि काही वर्षांत तणभातही जांभळे झाले. माणूस निवड करत होता आणि नकळत तणाचीही निवड करत होता. पुढे रायपूरच्या कृषी विद्यापीठाने याच हेतूने ‘श्यामला’ हे जांभळ्या पानांचे वाण काढले. एकच रंगीत वाण सतत न पेरता वाणांची अदलाबदल करावी, हा त्या जुन्या अनुभवाचा धडा.

गोव्यातील शेतकऱ्यालाही हा विषय परका नाही. चिखलणी करून लावणी केलेल्या शेतात उभे पाणी तणभाताला पुष्कळसे दाबून ठेवते आणि रांगेबाहेरचे रोप चटकन दिसतेही. मजूर मिळेनासे झाले की थेट पेरणीकडे कल जातो, आणि तेथे पेरलेले कोणते व आपोआप उगवलेले कोणते हे ओळखण्याचे साधन उरत नाही. थेट पेरणी वाढली त्या बहुतेक देशांत तणभातही वाढले आहे. सरदीचे बी विश्वासू ठिकाणाहून घेणे आणि त्यातील लाल दाणे निवडून काढणे, हा जुना उपाय आजही सर्वांत स्वस्त आहे.

एका गवताने वाचवलेले पीक

१९७०च्या दशकात आशियातील नव्या, बुटक्या, भरघोस उत्पन्नाच्या भातवाणांवर ‘ग्रासी स्टंट’ नावाच्या विषाणूजन्य रोगाने हल्ला चढवला. तपकिरी तुडतुडे हा विषाणू पसरवतात. रोग झालेले झाड खुरटते, फिकट पडते, त्याला असंख्य बारीक फुटवे येतात आणि दाणे जवळजवळ धरत नाहीत. भात अक्षरशः गवत होऊन बसते. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत प्रतिकारक्षम वाणाचा शोध सुरू झाला. सहा हजारांहून अधिक नमुने तपासण्यात आले. लागवडीतील एकाही वाणात हवा तो प्रतिकार आढळला नाही. तो आढळला उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या निवाराच्या एका नमुन्यात.

गुरुदेव सिंग खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या रानभाताचा लागवडीच्या भाताशी संकर केला. नंतर संततीचा पुन्हा पुन्हा भाताशीच संकर करून झडणे, कुसळ, लाल रंग हे रानटी गुण धुऊन काढले आणि प्रतिकाराचे एक जनुक तेवढे राखले. १९७४ मध्ये असे पहिले वाण बाहेर पडले. १९७६ मधील ‘आयआर ३६’ हे त्यातील सर्वांत गाजलेले. १९८०च्या दशकात ते जगभरात सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर घेतले जात होते. त्यापूर्वी भाताचे कोणतेही एक वाण इतक्या क्षेत्रावर पोहोचले नव्हते. एका तळ्याकाठच्या मूठभर दाण्यांचा हा हिशेब आहे. बहुवर्षायु भावंडाचेही असेच एक ऋण आहे. १९७० साली चीनच्या हैनान बेटावर सापडलेल्या एका नरवंध्य रानभाताच्या झाडापासून युआन लाँगपिंग यांच्या संकरित भाताची वाट खुली झाली.

अर्थात विषाणूही थांबत नाहीत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीस ग्रासी स्टंटचा नवा प्रकार दिसला आणि त्यापुढे ते जनुक निष्प्रभ ठरले. पुढचे उत्तर शोधायचे तर पुन्हा रानभाताकडेच वळावे लागते. आणि अडचण नेमकी तेथे आहे.

निवाराला जी जागा लागते ती माणसाच्या लेखी रिकामी असते. अभयारण्य ठरावे अशी ती भव्य नसते, तिच्या नावाने कोणी मोर्चा काढत नाही. रस्ता रुंद झाला की कडेचा खड्डा बुजतो, गावाचे तळे ‘सुशोभित’ करताना त्याचा उतरता चिखलाचा काठ दगडी भिंतीखाली जातो, सखल शेतात भराव पडतो. वरून पाहणाऱ्याला तळे शाबूतच दिसते, पाणीही असते. पण पाणी आणि जमीन यांच्यामधली ती हात-दोन हात रुंदीची, चार महिने ओली आणि आठ महिने कोरडी पट्टी नाहीशी झालेली असते. वर्षायु गवत राहते ते तेवढ्याच पट्टीत. गोव्यात सखल शेतजमिनींवर पडणाऱ्या भरावाची चर्चा होते तेव्हा ती पिकाच्या आणि पुराच्या अंगाने होते, आणि ती तशी व्हायलाही हवी. बांधाबाहेरच्या चरीचा हिशेब मात्र त्यात धरला जात नाही.

बियाणे बँकांत हजारो नमुने उणे तापमानात जपलेले आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोतही आहेत. ती तरतूद अत्यावश्यक आहे, पण शीतगृहातील बी ज्या दिवशी गोळा केले त्या दिवशीच थांबते. बाहेर रोग बदलतात, पाऊस बदलतो, आणि त्यांच्याशी झुंजत बदलत जाण्याचे काम उघड्यावरचे गवतच करू शकते. त्यातही आणखी एक गुंता आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आशियातील रानभातामध्ये लागवडीच्या भाताचे जनुक मोठ्या प्रमाणावर मिसळलेले आढळले. शेताला लागून असलेल्या तळ्यातील देवभात आता पुरते रानटी राहिलेले नसते. म्हणून नवे नमुने गोळा करणारे संशोधक शेतांपासून दूरची, गुरांच्या वाटेवरची, नकाशावर नाव नसलेली डबकी शोधत फिरतात. लोंब्या पिकायला लागल्या की त्यांच्या हाती फार तर काही दिवस असतात. थोडा उशीर झाला तर झुपका सापडतो, पण त्यावर दाणा नसतो.